दलाली कोणाकडून, सल्ला कोणासाठी? अमेरिकेतील खासगी मेडिकेअर योजना आणि एजंटांचा बदलता मोबदला

व्यापारात दलाली ही निंद्य गोष्ट मानली जात नाही. माल ओळखणारा, भावाची जाण असलेला आणि दोन्ही बाजूंचा विश्वास कमावलेला मध्यस्थ नसेल, तर कित्येक सौदे जुळणारच नाहीत. प्रश्न एवढाच असतो, की दलाली कोण देतो आणि किती देतो? ज्याच्या हातून पैसे मिळतात त्याच्याकडे मध्यस्थाचा कल थोडा तरी झुकतो, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला, तेव्हा बाजार समित्यांत केवढी खळबळ उडाली होती, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

अमेरिकेत आज हाच प्रश्न वृद्धांच्या आरोग्यविम्याबाबत उभा राहिला आहे. वरवर पाहता हा परक्या देशाचा विषय वाटेल. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे स्थायिक झालेले आपले आप्त आता पासष्टीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेले आहेत. मुलांकडे कायमचे राहावयास गेलेले आईवडीलही त्यांत आहेत. पासष्टाव्या वर्षी त्यांच्यापुढे जी निवड येते, ती चुकली तर सुधारणे पुष्कळदा अवघड होते. आणि ही निवड करताना त्यांच्या शेजारी बहुधा एक एजंट बसलेला असतो. म्हणूनच त्या एजंटाच्या मोबदल्याचे नियम कसे बदलत आहेत, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

मेडिकेअरचे दोन मार्ग

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जुलै १९६६ पासून ही योजना प्रत्यक्षात आली. पासष्ट वर्षांवरील नागरिक आणि काही अटी पूर्ण करणारे विकलांग यांच्यासाठी असलेला हा सरकारी विमा आहे. त्याचा ‘भाग ए’ रुग्णालयातील खर्चासाठी व ‘भाग बी’ डॉक्टर, तपासण्या आणि बाह्योपचार यांसाठी आहे. या मूळ मेडिकेअरमध्ये मेडिकेअर स्वीकारणाऱ्या देशभरातील कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. मात्र ‘भाग बी’खालील बहुतेक सेवांचा २० टक्के खर्च रुग्णाला स्वतः करावा लागतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुष्कळजण ‘मेडिगॅप’ नावाचा पूरक विमा आणि औषधांसाठी स्वतंत्र ‘भाग डी’ योजना घेतात.

दुसरा मार्ग खासगी कंपन्यांचा. १९९७ च्या कायद्याने या योजनांना ‘भाग सी’ म्हणून स्थान मिळाले आणि २००३ च्या कायद्यानंतर त्या ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. येथे सरकार प्रत्येक सदस्यामागे कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देते आणि उपचारांची जबाबदारी कंपनी घेते. २००७ साली पात्र लाभार्थ्यांपैकी सुमारे १९ टक्के लोक अशा योजनांत होते. २०२३ पासून त्यांची संख्या निम्म्याहून अधिक झाली आहे.

बिनहप्त्याची योजना परवडते कशी?

अनेक ॲडव्हान्टेज योजनांचा स्वतंत्र हप्ता शून्य असतो. सदस्याला ‘भाग बी’चा हप्ता तेवढा भरावा लागतो. २०२६ साली तो दरमहा २०२.९० डॉलर आहे. शिवाय दात, डोळे, श्रवणयंत्र अशा मूळ मेडिकेअरमध्ये नसलेल्या सोयी मिळतात. स्वतःच्या खिशातून करावयाच्या वार्षिक खर्चालाही मर्यादा असते. २०२६ मध्ये योजनेच्या यादीतील डॉक्टरांकडील उपचारांसाठी ती जास्तीत जास्त ९,२५० डॉलर ठेवता येते.

व्यापारी माणूस येथे साहजिकच विचारील, की यात कंपनीला काय उरते? सरकार प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे तेथील जिल्ह्यासाठी, एक आधारभूत रक्कम ठरवते. कंपनी त्याहून कमी रकमेत मूळ सेवा देण्याची बोली लावते. दोन्हींतील फरकाचा काही भाग तिला मिळतो आणि त्यातून जादा सोयी दिल्या जातात. सदस्य जितका आजारी नोंदवला जाईल तितकी सरकारी रक्कम वाढते. त्यामुळे निदानांची नोंद करण्याकडे कंपन्यांचे बारीक लक्ष असते. अमेरिकी संसदेला मेडिकेअरविषयी सल्ला देणाऱ्या ‘मेडपॅक’ या आयोगाने मार्च २०२५ मध्ये असा अंदाज मांडला, की हेच लोक मूळ मेडिकेअरमध्ये असते तर जेवढा खर्च झाला असता, त्याहून सरकार २० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८४ अब्ज डॉलर, अधिक देत आहे. कंपन्यांना हा हिशेब मान्य नाही.

या सोयींच्या बदल्यात सदस्यावर बंधनेही येतात. डॉक्टर व रुग्णालये योजनेच्या यादीतील असावी लागतात, किंवा यादीबाहेर गेल्यास जास्त पैसे मोजावे लागतात. अनेक तपासण्या आणि उपचारांपूर्वी कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. निरोगी माणसाला ही बंधने जाणवत नाहीत. मोठे आजारपण आले, की तीच प्रथम डोळ्यांपुढे येतात.

एजंटाला मिळते काय?

ॲडव्हान्टेज योजना विकणाऱ्या एजंटाला ग्राहक काही देत नाही. त्याचा मोबदला कंपनी देते आणि त्याची कमाल मर्यादा मेडिकेअरचा कारभार पाहणारे केंद्रीय खाते दरवर्षी जाहीर करते. २०२५ साली बहुतेक राज्यांत नव्या सदस्यामागे ही मर्यादा ६२६ डॉलर होती. २०२६ साठी ती ६९४ डॉलर झाली. सदस्य योजनेत टिकून राहिला, तर पुढील प्रत्येक वर्षी त्याच्या निम्मे, म्हणजे ३४७ डॉलरपर्यंत मिळतात. आपले लोक मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांत हे आकडे ८६४ आणि ४३२ डॉलर आहेत. केवळ औषधांची ‘भाग डी’ योजना विकली, तर मात्र पहिल्या वर्षी ११४ आणि नंतर ५७ डॉलर एवढीच मर्यादा आहे.

या आकड्यांचा साधा हिशेब मांडून पाहू. २०२६ चेच दर कायम राहिले असे धरले, तर एक सदस्य दहा वर्षे टिकल्यास एजंटाला पहिल्या वर्षीचे ६९४ आणि नंतरच्या नऊ वर्षांचे ३,१२३, असे मिळून ३,८१७ डॉलर मिळू शकतात. दोनशे जुने सदस्य सांभाळणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न ६९,४०० डॉलरपर्यंत जाते. मूळ मेडिकेअरमध्ये राहून ‘भाग डी’ आणि मेडिगॅप घेणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत मेडिगॅपची दलाली वेगळी मिळते. ती बहुधा हप्त्याच्या टक्केवारीवर ठरते आणि तिला केंद्रीय खात्याची ही मर्यादा लागू नाही. थोडक्यात, एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन पर्यायांची दलाली सारखी नसते.

गैरप्रकार रोखण्यासाठी काही नियम पूर्वीपासून आहेत. २००८ च्या कायद्यानंतर न बोलावता दारोदार फिरून किंवा अनोळखी व्यक्तीला दूरध्वनी करून या योजना विकण्यास मनाई झाली. एका ॲडव्हान्टेज योजनेतून दुसऱ्या ॲडव्हान्टेज योजनेत ग्राहक नेला, तर नव्या सदस्याची पूर्ण दलाली मिळत नाही. त्यामुळे दरवर्षी ग्राहक इकडून तिकडे फिरवण्याचा मोह आवरला जातो. पहिल्या तीन महिन्यांतच ग्राहक बाहेर पडला, तर घेतलेली दलाली सामान्यतः परत करावी लागते.

नियमातील फट आणि न्यायालयाचा निकाल

दलालीला मर्यादा होती, पण दलालीशिवाय दिल्या जाणाऱ्या रकमांचे काय? एजंटांच्या वर मोठ्या विपणन संस्था असतात. प्रशिक्षण, तंत्रज्ञान, ग्राहक शोधून देणे अशा नावांखाली विमा कंपन्या त्यांना ‘प्रशासकीय खर्च’ देतात. हा खर्च भरमसाट वाढत आहे आणि त्या आडून मर्यादेबाहेरची दलालीच दिली जात आहे, असे केंद्रीय खात्याचे मत झाले. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये त्याने नवा नियम केला. असे सर्व पैसे मोबदल्यातच धरावेत, त्यापोटी नव्या सदस्यामागे १०० डॉलरची एकच ठरावीक वाढ द्यावी आणि एजंटाच्या निष्पक्षतेला बाधा येईल असे करार कंपन्यांनी विपणन संस्थांशी करू नयेत, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक योजना विकून एजंटाला सारखेच पैसे मिळाले, तर तो ग्राहकाच्या गरजेकडे पाहील, ही त्यामागची अपेक्षा.

विपणन संस्था आणि एजंटांच्या बाजूने याविरुद्ध दावे दाखल झाले. जुलै २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने मोबदला व करारांविषयीच्या तरतुदींना स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या रद्द ठरवल्या. ग्राहकाची वैयक्तिक माहिती दुसऱ्या संस्थेला देण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी, या तरतुदीला मात्र न्यायालयाने स्थगिती दिली नव्हती.

दरम्यान मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने एटना, एलेव्हन्स आणि ह्युमाना या विमा कंपन्या व ई-हेल्थ, गो-हेल्थ आणि सिलेक्टकोट या ब्रोकर संस्था यांच्याविरुद्ध मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयात तक्रार दाखल केली. २०१६ ते २०२१ या काळात ग्राहक आपल्याकडे वळवावेत म्हणून ब्रोकरांना कोट्यवधी डॉलर बेकायदा दिले गेले, असा त्यात आरोप आहे. आणखी एक आरोप अधिक गंभीर आहे. एटना व ह्युमाना यांनी विकलांग लाभार्थी कमी आणावेत म्हणून ब्रोकरांवर दबाव आणला, असे सरकारचे म्हणणे आहे. विकलांगांवरील खर्च जास्त होतो, हे त्यामागचे कारण. प्रतिवादी कंपन्यांनी हे आरोप नाकारले आहेत. तरीही एक गोष्ट येथे ध्यानात येते. पैसे देऊन गिऱ्हाईक ओढता येते, तसेच पैसे रोखून नको असलेले गिऱ्हाईक दूरही ठेवता येते.

दलाली शून्य झाली तर?

याच दुसऱ्या बाजूचा अनुभव गेल्या दोन हंगामांत अमेरिकेतील एजंट घेत आहेत. कोरोनानंतर वृद्धांचे पुढे ढकललेले उपचार वाढले. सदस्यांच्या आजारांनुसार रक्कम ठरवण्याची नवी, अधिक कडक पद्धत २०२४ ते २०२६ अशी तीन टप्प्यांत लागू झाली. कंपन्यांचा नफा घटला. तेव्हा त्यांनी काही काउंटींतून योजना काढून घेतल्या, काही सोयी कमी केल्या आणि काही योजना ‘बिनदलाली’च्या केल्या. सरकार दलालीची कमाल मर्यादा ठरवते. किमान किती द्यावी, याचे बंधन घालत नाही.

दलाली गेली म्हणजे ग्राहकाचा फायदाच झाला, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण हप्ता त्यामुळे कमी होत नाही. होते ते एवढेच, की एजंट ती योजना दाखवण्यास उत्सुक राहत नाही. कंपनीच्या दृष्टीने ती योजना महाग पडत असते आणि तीत आणखी सदस्य यावेत असे तिला वाटत नसते. नेमकी तीच योजना एखाद्या आजारी वृद्धाला सर्वांत उपयोगी असू शकते. कागदोपत्री ती उपलब्ध असते, पण तिची माहिती देणारे कोणी नसते. हंगामाच्या मध्येच दलाली बंद करण्याविरुद्ध काही राज्यांच्या विमा नियामकांनी कंपन्यांना ताकीद दिली, ती याच कारणाने. वर्षभर जुन्या ग्राहकांचे कागद सांभाळणारे, दाव्यांसाठी धावपळ करणारे छोटे एजंटही या बदलात भरडले जातात.

म्हणजे जास्त दलाली सल्ल्याला एका बाजूला झुकवते, आणि शून्य दलाली दुसऱ्या बाजूला. सर्व योजनांना सारखा आणि उघड मोबदला हाच मधला मार्ग होता. तोच नियम न्यायालयात टिकला नाही. यापुढेही या क्षेत्रात ओढाताण चालू राहील. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय खात्याने विक्रीविषयीची काही बंधने सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात एजंटाने भेटीचा विषय लेखी ठरवल्यावर प्रत्यक्ष विक्रीची चर्चा करण्यापूर्वी ४८ तास थांबण्याची अट काढून टाकण्याचाही समावेश होता. वृद्ध माणसाला मुलांशी बोलून घेण्यासाठी मिळणारा अवधी याच अटीमुळे होता. नियमाने तो मिळो वा न मिळो, कुटुंबाने तो आपणहून घ्यावा.

परतीची वाट अरुंद आहे

या सर्व चर्चेत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मेडिगॅपचा आहे. पासष्ट वर्षे पूर्ण होऊन ‘भाग बी’ सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने मेडिगॅप कंपनी आजाराच्या कारणाने कोणालाही नाकारू शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत ती प्रकृतीची चौकशी करून विमा नाकारू शकते किंवा जास्त हप्ता मागू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्ये याला अपवाद आहेत. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वा टेक्सास त्यांत नाहीत.

याचा अर्थ असा, की पासष्टीला ॲडव्हान्टेजमध्ये गेलेला माणूस बहात्तराव्या वर्षी मोठे दुखणे उद्भवल्यावर मूळ मेडिकेअरकडे परतू शकतो, पण २० टक्क्यांचा भार उचलणारा पूरक विमा त्याला मिळेलच असे नाही. दोन सवलती मात्र लक्षात ठेवाव्यात. पासष्टीला पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतली असेल, तर पहिल्या बारा महिन्यांत परत फिरून मेडिगॅप हक्काने घेता येते. तसेच कंपनीने आपणहून योजना बंद केली, तर त्या सदस्याला ठरावीक मुदतीत, साधारणपणे योजना संपल्यापासून ६३ दिवसांच्या आत, काही मेडिगॅप योजना आजाराच्या चौकशीविना मिळण्याचा हक्क असतो. योजना बंद होत असल्याचे कंपनीचे पत्र म्हणून जपून ठेवावे. ज्यांनी ते न वाचता बाजूला टाकले, त्यांचा हा हक्क मुदतीबरोबर निघून जातो.

भारतात ये-जा करणाऱ्यांसाठी

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतील. ग्रीनकार्ड घेऊन मुलांकडे गेलेल्या, अमेरिकेत पुरेशी वर्षे नोकरी न केलेल्या पालकांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअर विकत घेता येते. त्यांना ‘भाग ए’चाही हप्ता पडतो. तो २०२६ साली दरमहा ५६५ डॉलरपर्यंत आहे. ॲडव्हान्टेज घ्यावयाची, तरी ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही भाग असावे लागतात. ‘भाग बी’ घेण्यास विनाकारण उशीर केला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा कायमची राहते.

मूळ मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे सामान्यतः देत नाही. काही मेडिगॅप योजना परदेशातील तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात. प्रवासाचे पहिले ६० दिवस, आधी स्वतःचे २५० डॉलर आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलर, या मर्यादेत ते पैसे मिळतात. ॲडव्हान्टेजचा सदस्य आपल्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिला, तर त्याचे सदस्यत्व सामान्यतः संपते. दिवाळीला येऊन चातुर्मास सुरू होईपर्यंत गावी राहण्याचा बेत असलेल्या ज्येष्ठांनी हे आधीच विचारून घ्यावे.

एजंटाला विचारावयाचे प्रश्न

बहुतेक एजंट प्रामाणिकपणे काम करतात. त्यांच्याविषयी अविश्वास बाळगण्याचे कारण नाही. पण सौद्यातील दलाली विचारण्यात जसा संकोच नसतो, तसाच येथेही नसावा. तुम्ही किती कंपन्यांच्या योजना विकता आणि कोणत्या विकत नाही? मी मेडिगॅप घेतला तर तुम्हाला काय मिळेल आणि ॲडव्हान्टेज घेतली तर काय? या काउंटीतील कोणत्या योजनांवर यंदा दलाली नाही? माझे डॉक्टर, माझे रुग्णालय आणि माझी औषधे या योजनेत आहेत, हे मला लेखी दाखवाल का? पाच वर्षांनी मला परतायचे झाले, तर या राज्यात काय होईल? जाणकार एजंट या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला असा ग्राहक आवडतो.

एजंटाचा सल्ला ताडून पाहण्यासाठी प्रत्येक राज्यात सरकारी अनुदानावर चालणारी मोफत विमा-मार्गदर्शन सेवा आहे. तिला ‘शिप’ म्हणतात आणि कॅलिफोर्नियात ‘हायकॅप’. तेथील समुपदेशक काही विकत नाहीत, म्हणून त्यांना कोणाची दलाली मिळत नाही. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर दलाली असलेल्या आणि नसलेल्या सर्व योजना एकत्र दिसतात.

योजना बदलण्याचा मुख्य काळ दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा असतो. त्याआधी सप्टेंबरमध्येच कंपन्या पुढील वर्षातील बदलांचे पत्र पाठवतात. ते पत्र, औषधांची यादी आणि डॉक्टरांची नावे एवढे तीन कागद घेऊन घरातील मुलांनी एका संध्याकाळी आईवडिलांजवळ बसावे. दूर असलेल्यांनी दूरध्वनीवरून का होईना, ही चर्चा एजंट येण्यापूर्वी करावी. आप्तांपैकी कोणी यंदा पासष्टीला पोहोचत असेल, तर परतीच्या वाटेविषयीचा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवावा.